अस्तर बदललंच नव्हतं

मागच्या एप्रिलमध्ये कपाट आवरताना मावशीची बॅग उघडून आत हात घातला, तर बोटांना डांबरासारखं काहीतरी चिकटलं. साबणाने निघेना. शेवटी खोबरेल तेल चोळून काढावं लागलं. बॅगेच्या आतल्या अस्तरावरचा थर वितळल्यासारखा झाला होता, खिशाच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटल्या होत्या आणि तळाशी काळ्या पापुद्र्यांचा चुरा साठला होता.

मावशी एअर इंडियात हवाई सुंदरी होती. ही बॅग तिने १९८६ साली पॅरिसच्या मुक्कामात घेतली, कित्येक महिने भत्ता साठवून. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझी तक्रार कंपनीबद्दल नाही. बादलीच्या आकाराची, बाहेरून पीव्हीसीचा थर दिलेलं नक्षीचं कॅनव्हासचं कापड, कडांना आणि बंदांना रंग न दिलेलं चामडं. नवी होती तेव्हा ते चामडं फिकट बिस्किटी होतं. इतक्या वर्षांत हाताचा घाम आणि ऊन लागून त्याला गडद मधासारखा रंग आलाय. उजव्या बंदाच्या मुळाशी निळ्या शाईचा एक डाग आहे, मावशीचं पेन विमानात गळलं होतं त्याचा. हा डाग लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

अस्तर असं का होतं, हे आधी सांगते, कारण बॅग ज्यांच्याकडे दुरुस्तीला दिली त्यांनी माझ्या अज्ञानाचाच फायदा घेतला. जुन्या बॅगांच्या अस्तरावर बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा, म्हणजे एका प्रकारच्या प्लॅस्टिकचा पातळ थर दिलेला असतो, डाग पडू नयेत आणि चामड्यासारखं दिसावं म्हणून. हवेतला ओलावा हळूहळू या थराच्या आतली रेणूंची साखळी तोडत जातो. आधी तो चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे सुटतात. वर्षानुवर्षं न वापरलेले बूट काढावेत आणि दोन पावलांत सोलचा चुरा व्हावा, किंवा सोफ्याच्या रेक्झिनची सालं निघावीत, तो हाच प्रकार. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. त्यात आम्ही बॅग जपायची म्हणून प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माळ्यावर ठेवली होती, म्हणजे ओलावा आतच कोंडला. एकदा ही क्रिया सुरू झाली की थर पुन्हा पूर्ववत होत नाही. टाल्कम पावडर किंवा खाण्याचा सोडा भुरभुरला तर चार दिवस चिकटपणा जाणवत नाही, नंतर परत तेच. खरा उपाय एकच. अस्तर पूर्ण काढायचं आणि नवीन शिवायचं, किंवा खालचं कापड धड असेल तर वरचा थर खरवडून स्वच्छ करायचा.

हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी मोबाइलवर शोधलं आणि पश्चिम उपनगरातला एक ‘बॅग रिस्टोरेशन स्टुडिओ’ सापडला. पानावर आधी-नंतरचे फोटो, हजारो फॉलोअर, खाली ‘अमेझिंग वर्क’ अशा प्रतिक्रिया. मी फोटो पाठवले. तासाभरात फोन आला. बोलणारी मुलगी फार गोड होती. “मॅडम, आम्ही जुनं अस्तर पूर्ण काढतो, कॅनव्हास साफ करतो आणि कंपनीसारखंच अस्तर हाताने शिवतो. ६,५०० होतील. ३,००० आगाऊ.” आगाऊ रक्कम मी यूपीआयने पाठवली. पैसे स्टुडिओच्या नावावर न जाता कुणा माणसाच्या वैयक्तिक खात्यावर गेले, ते दिसलं होतं. पण मी विचारलं नाही. पावती मागितली तर “व्हॉट्सॲपवर कन्फर्मेशन आहेच ना मॅडम” असं उत्तर आलं. १२ मे रोजी त्यांच्याकडे कामाला असलेला मुलगा येऊन बॅग घेऊन गेला. हातात कागद काही दिला नाही.

तीन आठवड्यांत देणार होते. पाचव्या आठवड्यात मीच फोन केला, तेव्हा आवाज बदललेला होता. कुणी पुरुष बोलत होता. बॅग उसवल्यावर आतून कॅनव्हास सडलेला निघाला, म्हणाला. खास केमिकल मागवावं लागेल, आता एकूण १४,८०० होतील. सोबत एक फोटो पाठवला. आतून पूर्ण उघडलेली, अस्तर काढलेली, कडा मोकळ्या लोंबणारी बॅग. ते बघून माझ्या पोटात कालवलं. मी म्हटलं, “काम करू नका, आहे तशी परत द्या.” त्यावर तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, उघडलेली बॅग तशीच हवी असेल तर ४,००० लेबर चार्ज भरून घेऊन जा. नाहीतर आम्हाला ती ठेवून घ्यायचा कायदेशीर अधिकार आहे.”

फसवणूक खरी इथे झाली असं मला वाटतं. तुमची वस्तू त्यांच्याकडे, तीही उघडून ठेवलेली, आणि तुमच्या मनात एकच भीती की आता ही कोण जोडणार? मी पैसे भरले. उरलेले ११,८००, दोन हप्त्यांत.

बॅग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आली, म्हणजे जवळजवळ बारा आठवड्यांनी. वरून छान पुसलेली, पांढऱ्या कापडी पिशवीत, वर आभाराचं कार्ड. आत बदामी रंगाचं सुती कापड. पण उघडल्याबरोबर सायकलच्या दुकानात येतो तसा चिकटवायच्या सोल्यूशनचा उग्र दर्प आला. आतला खिसा नव्हता. त्याची पितळी चेन नव्हती. आणि त्या खिशाच्या शिवणीत चामड्याची नखाएवढी पट्टी होती, तिच्यावर कंपनीने ठसवलेला क्रमांक होता, तीही नव्हती. विचारलं तर म्हणाले, खिसा सडला होता, टाकून दिला.

जुन्या बॅगेत ती पट्टी म्हणजे तिची ओळख असते. बॅग कधी, कुठे बनली हे त्यावरून कळतं, आणि उद्या विकायची झाली तर घेणारा पहिल्यांदा तीच बघतो. तिचं त्यांनी काय केलं हे मला ठाऊक नाही, म्हणून त्याबद्दल काही लिहीत नाही. एवढंच सांगते, की देताना ती होती आणि परत आली तेव्हा नव्हती, आणि देण्याआधी मी तिचा फोटो काढलेला नव्हता.

पंधरा दिवसांत कापडावर तपकिरी डाग उमटू लागले आणि आत परत चिकट लागायला लागलं. मग एका मैत्रिणीने धारावीतल्या एका कारागीर काकांकडे नेलं. सायन-वांद्रे लिंक रोडवरची चामड्याची दुकानं सगळ्यांना माहीत असतात. हे त्यांच्या मागच्या गल्लीत, माळ्यावर बसतात. चाळीस वर्षं बॅगाच शिवतायत. बॅग हातात घेतली आणि आत न बघता त्यांनी आधी वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग खिडकीपाशी नेऊन भिंग लावलं.

“ताई, ही शिलाई कुणी उसवलीच नाही.”

मला कळलं नाही. त्यांनी जवळ बोलावून दाखवलं. अस्तर कडेच्या चामड्याखाली दुमडून शिवलेलं असतं. ते काढायचं तर कडेचा टाका उसवावाच लागतो, आणि परत शिवताना जुन्याच भोकांतून आरी, म्हणजे चांभाराची जाड सुई, घालून शिवावं लागतं, नाहीतर चामड्याला दुहेरी भोकं पडतात आणि पुढे ते तिथेच फाटतं. माझ्या बॅगेचा दोरा जुना होता. मेणाचा, पिवळा पडलेला, प्रत्येक टाका सारखाच तिरका, आणि टाक्याभोवतीचं चामडं दोऱ्याच्या बरोबरीने काळवंडलेलं. “नवा दोरा असता तर भोकाच्या कडेला उजळ रेघ दिसली असती,” ते म्हणाले. एकही भोक उजळ नव्हतं.

मग मला विचारून त्यांनी रापीने, म्हणजे चामडं कापायच्या पात्याने, एका कोपऱ्यात नवं कापड उचललं. सर्रर्र आवाज करत ते चिकटपट्टीसारखं निघालं. खाली तेच जुनं, काळं, चिकट अस्तर. ते काढलंच नव्हतं. खिसा तेवढा कात्रीने कापून काढला होता, त्याची वेडीवाकडी कड तिथेच होती, आणि त्या सगळ्यावर सोल्यूशन फासून वरून कापड चिकटवलं होतं. सोल्यूशनमुळे जुना थर आणखी सैल झाला होता आणि आता तो कापडातून बाहेर झिरपत होता. पहिल्याच वेळी बॅग काकांकडे आली असती तर दोन दिवसांचं काम होतं. आता तो लगदा कॅनव्हासच्या मागच्या बाजूत मुरला होता.

मी विचारलं, “मग तो फोटो? उघडलेल्या बॅगेचा?” मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला. उजव्या बंदाच्या मुळाशी शाईचा डाग नव्हता. बॅग त्याच जातीची, त्याच आकाराची, पण माझी नव्हतीच. इतक्या महिन्यांत मी तो फोटो किती वेळा पाहिला असेन! पण प्रत्येक वेळी नजर आतल्या फाटक्या कडांवरच गेली, बंदाकडे गेलीच नाही.

आमच्या सोसायटीतल्या एक वकीलबाई आहेत, त्यांनी कायद्याचं समजावून सांगितलं. ‘ठेवून घ्यायचा अधिकार’ ही थाप पूर्ण खोटी नसते, म्हणून तर ती चालते. १८७२ च्या करार कायद्याच्या १७० व्या कलमाप्रमाणे, दिलेल्या वस्तूवर ज्याने मेहनतीचं किंवा कसबाचं काम केलं, त्याला मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. पण आधी ठरलेल्याप्रमाणे काम करायला लागतं आणि हक्क त्या कामाच्या पैशांपुरताच असतो. शिलाईला हातही न लावता उसवल्याचे पैसे मागायचे आणि त्यासाठी वस्तू अडकवून ठेवायची, याला त्या कलमात जागा नाही. शिवाय १५१ वं कलम सांगतं, की दुसऱ्याची वस्तू ताब्यात असताना शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेतो तेवढी काळजी घ्यायची. खिसा कापून टाकणं त्यात कसं बसेल? हे मला त्या फोनच्या वेळी माहीत असतं तर ११,८०० रुपये मी भरले नसते, सरळ पोलिसांना सोबत घेऊन दारात उभी राहिले असते.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. तिथून स्टुडिओला विचारणा गेल्यावर त्यांचा फोन आला, ५,००० परत देतो, ‘कामाबद्दल समाधानी आहे’ असं लिहून द्या. मी दिलं नाही. आता जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, घटनेपासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं आणि तक्रार ऑनलाइनही भरता येते. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपचं बोलणं, यूपीआयच्या नोंदी, तो परका फोटो आणि काकांनी नवं कापड उचलून दाखवलं त्याचा व्हिडिओ जोडलाय. पावती नसणं आड येतंय, पण पैसे पाठवल्याची प्रत्येक नोंद तारखेसकट आहे.

तुमच्याकडे अशी बॅग असेल, मग ती आईची असो, आजीची असो किंवा परदेशातून जुनी मागवलेली, तर देण्याआधी अर्धा तास काढा. आतल्या पट्टीचा आणि क्रमांकाचा, चेनच्या रनरचा, तळाच्या खिळ्यांचा, प्रत्येक डागाचा फोटो काढा. कडेच्या शिलाईचा तर इतक्या जवळून काढा की टाके मोजता येतील. काढलेलं जुनं अस्तर, खिसा, चेन सगळं परत पाहिजे, अगदी चिकट लगदा झाला असला तरी पिशवीत घालून पाहिजे, हे लिहून घ्या. जो खरंच उसवणार आहे त्याला यात काहीच अडचण नसते. काकांनी तर मी न सांगता काढलेला प्रत्येक तुकडा डब्यात ठेवलाय. आणि दरवाढ सांगायला पाठवलेला फोटो आला, तर तो तुमच्याच बॅगेचा आहे का ते आधी बघा. शक्यतो त्याच दिवशी जाऊन डोळ्यांनी बघा.

बॅग सध्या काकांकडे आहे. त्यांनी कडेचा टाका आता खरोखर उसवलाय आणि रोज थोडं थोडं खरवडतायत. पावसाळी हवेत नवं अस्तर शिवू नये, म्हणून थांबलेत. क्रमांकाची पट्टी मिळालेली नाही. मावशीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, आणि त्यात तिचं काही चुकलं नाही.

एक गोष्ट राहून राहून मनात येते. मला पाठवलेल्या फोटोतली बॅग कुणाची तरी आहे. त्या बाईला कदाचित माहीतही नसेल की तिची उघडी बॅग दाखवून माझ्याकडून पैसे उकळले. बादलीचाच आकार, डाव्या बंदाच्या मध्यावर नखाने ओरखडल्यासारखी आडवी रेघ, आतल्या खिशाच्या चेनला रनरऐवजी लाल दोऱ्याची गाठ. गेल्या मे-जूनमध्ये तुम्ही अशी बॅग दुरुस्तीला दिली असेल, तर तिच्या कडेचे टाके एकदा उजेडात बघा आणि मला कळवा. फोटो माझ्याकडे जपून ठेवलाय.