हागोरोमो फुलटच खडू वापरून बघितला, आणि शाळेतले सर-बाई आठवत राहिले

खडूचा पण कुणी रिव्ह्यू लिहितं का, असं विचारणारे विचारणारच. पण मी संध्याकाळी आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवतो, रोज हातात खडू असतो, आणि ज्या वस्तूला आपण रोज हात लावतो तिच्याबद्दल दोन शब्द लिहायला काय हरकत आहे. मोबाइलच्या कव्हरवर लोक पानंच्या पानं लिहितात.

तर हा हागोरोमो फुलटच. मूळ जपानी खडू. नागोयातली कंपनी, १९३२ ची, आणि २०१५ मध्ये ती बंद झाली कारण मालकांची तब्येत साथ देईना आणि पुढे धंदा सांभाळणारं कुणी नव्हतं, शिवाय व्हाइटबोर्ड आणि प्रोजेक्टरमुळे खडूचा खप तसाही उतरत चाललेला. बंद होणार ही बातमी फुटल्यावर अमेरिकेतल्या गणिताच्या प्राध्यापकांनी अक्षरशः वर्षानुवर्षं पुरेल एवढा साठा करून ठेवला म्हणे, खोक्यावर खोकी. त्यांच्यात एक दंतकथाही आहे की या खडूने चुकीचं प्रमेय लिहिताच येत नाही. (दहावीच्या मुलांच्या हातात देऊन बघा, दंतकथा पाच मिनिटांत निकालात निघते.) नंतर त्या कंपनीची मशिनं दक्षिण कोरियातल्या एका माणसाने घेतली आणि आता हा खडू तिकडे बनतो. तो माणूस स्वतः गणित शिकवणारा होता, आधी जपानहून हा खडू मागवायचा, म्हणजे गिऱ्हाइकानेच कारखाना उचलला. मला ही गोष्ट फार आवडली, बॉक्स मागवण्यामागे निम्मं कारण हेच होतं खरं सांगायचं तर.

बॉक्समध्ये ७२ खडू येतात. उघडल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती जाडी, आपल्या नेहमीच्या खडूपेक्षा चांगलाच जाड आहे आणि हातात वजन लागतं. वरून एक पातळ कोटिंग असतं त्यामुळे बोटं पांढरी होत नाहीत, आणि हे मला आधी जाहिरातबाजी वाटली होती पण खरंच होत नाहीत, तास संपल्यावर मी शर्टाला हात पुसायला गेलो सवयीने आणि पुसायला काही नव्हतंच. रेघ दाट उमटते, ओढताना खडू फळ्यावर खरखरत नाही, आणि मागच्या बाकावरच्या पोराला डोळे बारीक करावे लागत नाहीत.

आता इंग्रजीतले सगळे रिव्ह्यू वाचले तर ते समीकरणं आणि बाणबिण काढून दाखवतात. देवनागरीची परीक्षा वेगळी असते हो. शिरोरेघ! आमच्या मराठीच्या बाई फळ्यावर आधी आख्खी ओळ बिनरेघेची लिहायच्या, नुसती लोंबती अक्षरं, आणि मग डावीकडून उजवीकडे चालत जात एकेका शब्दावरून रेघ ओढायच्या, टक्-सर्र, टक्-सर्र असा आवाज यायचा. ती रेघ कधी वाकडी गेलेली मी बघितली नाही. आम्ही वहीत प्रत्येक अक्षरावर वेगवेगळं टोपरं घालायचो, त्या वही हातात घेऊन फक्त एवढंच म्हणायच्या, "शब्द एक आहे ना, मग छप्पर एकच घाल." अक्षर सुधारा, घोटून काढा, असलं काही नाही. माझं अक्षर आजही काही खास नाहीये पण शिरोरेघ मात्र एकटाकी ओढतो आणि आता माझ्याकडची दोन-तीन पोरं तशीच ओढायला लागलीयेत, त्यांना मी कधीच सांगितलेलं नाही. हागोरोमोने ही लांब रेघ एकदम मस्त येते, मध्ये तुटत नाही. फक्त जाडीमुळे बारीक अक्षरात घोटाळा होतो, क्ष आणि ज्ञ चं पोट भरून जातं, म्हणून अक्षर मोठं काढायचं किंवा खडू तिरका धरून कडेने लिहायचं, आणि लिहिता लिहिता बोटात फिरवत राहायचा म्हणजे टोक एकाच बाजूने झिजत नाही.

हे फिरवायचं मी शिकलो भूमितीच्या सरांकडून. नवा खडू घेतला की ते आधी कट्कन मोडायचे, निम्मा खिशात आणि निम्मा हातात. आम्हाला वाटायचं काटकसर. कारण नंतर कळलं, लांब खडू सरळ धरला की तो फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, परत चिकटतो, आणि या थरथरीचाच तो दात शिवशिवणारा किर्रर्र आवाज होतो. तुकडा आखूड केला आणि तिरका धरला की थरथर बदलते आणि आवाज जातो. सरांनी हे कधी शिकवलं नाही, ते आपले मोडायचे आणि लिहायला लागायचे. आणि वर्तुळ! कंपास नाही, दोरी नाही, खांदा स्थिर ठेवून हात एकदा फिरवला की वर्तुळ तयार, जिथून सुरू झालं तिथेच येऊन मिळायचं आणि वर्गात दबक्या आवाजात "आईशप्पथ" ऐकू यायचं.

पण त्यांची खरी गंमत वर्तुळात नव्हती. ते सिद्धता लिहिताना फळ्याच्या एका बाजूला उभे राहायचे, अंगाने काही झाकलं जाऊ नये म्हणून, आणि प्रत्येक ओळीनंतर थांबायचे. थांबायचे म्हणजे खरंच थांबायचे, खडू फळ्यापासून वीतभर लांब, आणि वर्गाकडे बघत नाहीत तर त्या ओळीकडे बघतायत, जणू त्यांनाच पुढचं सुचत नाहीये. आता मला कळतं की त्यांना सगळं पाठ असणार, इतकी वर्षं तेच प्रमेय. पण त्या थांबण्यात कुणीतरी मागून पुटपुटायचं, "एकरूप त्रिकोण सर?" आणि सर म्हणायचे, "कोणते?" बास, एवढंच. एखादी पायरी चुकीची निघाली तर ती डस्टरने पुसायचे नाहीत, तिच्यावर एक आडवी रेघ मारून खाली नवीन लिहायचे आणि चुकलेली ओळ तास संपेपर्यंत तिथेच राहायची. गणित करणारा माणूस चुकतो, बघतो, परत करतो, हे आम्ही पुस्तकात कुठेच वाचलं नव्हतं, ते त्या आडव्या रेघेत बघितलं.

म्हणून स्लाइडवर शिकवणाऱ्यांशी माझं जमत नाही. मी करून बघितलंय, तयारी छान होते, आकृत्या देखण्या येतात, पण बटण दाबलं की पाच ओळी एकदम उगवतात आणि पोरांचा हात पहिल्या ओळीवर असतो. खडूने लिहिताना मास्तराला पोरांपेक्षा फार पुढे पळताच येत नाही, तो लिहितो तेवढ्यात पोरं लिहितात, आणि विचार करायला जी काही फट मिळते ती तिथेच मिळते. डिजिटल बोर्डाला मी नावं ठेवत नाहीये, नकाशे आणि फिरणारे घनाकार दाखवायला त्याला तोड नाही.

आता मुख्य टेस्ट. ही टेस्ट मी प्रत्येक नव्या खडूची करतो आणि तिच्यामागे आमच्या रसायनशास्त्राच्या बाई आहेत.

पुस्तकात होतं की खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि कार्बोनेटवर आम्ल टाकलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. वर्गातल्या एका आगाऊ पोराने (मी नव्हे) विचारलं, मग या फळ्यावरच्या खडूवर टाकून दाखवा ना. बाईंनी लगेच खडूचा तुकडा घेतला, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले. काही नाही. खडू ओला झाला एवढंच. अजून टाकलं. तरी काही नाही. वर्ग खिदळायला लागला आणि दुसरं कुणी असतं तर "आम्ल जुनं झालंय, पुढे चला" म्हणून मोकळं झालं असतं. बाई त्या ओल्या खडूकडे बघत म्हणाल्या, "पुस्तक म्हणतंय बुडबुडे यावेत, खडू म्हणतोय येणार नाहीत. खोटं कोण बोलतंय ते मला आत्ता माहीत नाही." आणि फळ्याच्या कोपऱ्यात तो प्रश्न लिहून भोवती चौकोन काढला, खाली "पुसू नये".

दुसऱ्या दिवशी त्या संगमरवराचा एक तुकडा घेऊन आल्या. त्यावर तेच आम्ल, त्याच बाटलीतलं, आणि हा फेस! तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला, निवळी दुधाळ झाली. म्हणजे आम्ल ठीक होतं, पुस्तकही ठीक होतं. मग सांगितलं की जमिनीत सापडतो तो नैसर्गिक चॉक कॅल्शियम कार्बोनेटच असतो, समुद्रातल्या अतिसूक्ष्म जिवांच्या कवचांचे थर कोट्यवधी वर्षं साचून झालेला, इंग्लंडच्या किनाऱ्यावरचे डोव्हरचे पांढरे कडे त्याचेच. पण शाळेतले पुष्कळसे खडू जिप्समचे असतात, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवून साच्यात ओतून केलेले, आणि सल्फेटवर आम्ल टाकून फेस येत नाही. नाव एक, वस्तू दोन.

मला आख्ख्या शाळेतलं जे काही रसायनशास्त्र आठवतं त्यातलं हे सगळ्यात ठसठशीत. "मला आत्ता माहीत नाही" हे वाक्य चाळीस पोरांसमोर, ती हसत असताना, इतक्या शांतपणे म्हणता येतं हे मी तिथे शिकलो, आणि आता वर्गात ते म्हणायची वेळ येते तेव्हा कोपऱ्यात चौकोन काढतो.

तर हागोरोमोवर व्हिनेगर टाकलं, कोटिंग खरवडून. फेस आला. कार्बोनेट. याचा रोजच्या वापरात फरक असा की जिप्समची भुकटी हलकी, ती हवेत तरंगत बसते आणि तासाच्या शेवटी घसा खवखवतो, कार्बोनेटच्या खडूची भुकटी जड असल्यामुळे बरीचशी सरळ खाली पडते. 'डस्टलेस' हा शब्द मात्र कुठल्याच खडूबाबत शब्दशः घेऊ नका, फळ्याखालच्या पट्टीवर भुकटी साचतेच, फक्त ती नाकात कमी जाते. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी कोणत्याही खडूला फडकं ओलं करूनच पुसावं, आणि फळा पूर्ण वाळल्याशिवाय त्यावर लिहू नये, नाहीतर अक्षरं फिकट उमटतात आणि मग वाळल्यावर एकदम उठून दिसतात.

माझा फळा जरा जास्तच गुळगुळीत झालाय, रंग देणाऱ्याने चकचकीत रंग मारून ठेवलाय, त्याच्यावर कुठलाच खडू नीट बसत नाही. नव्या फळ्यावर खडू आडवा घासून सगळा फळा पांढरा करायचा आणि मग कोरड्या डस्टरने पुसायचा, मग जरा पकड येते. हे आमचे शाळेतले शिपाईकाका करायचे.

सगळेच काही असे नव्हते हेही लिहितो, नाहीतर वाटेल मी नुसता गहिवरलोय. एक सर होते त्यांच्या हातातल्या खडूचा मुख्य उपयोग नेम धरण्यासाठी व्हायचा, कपाळावर बरोब्बर बसायचा. त्यांचा विषय मला नंतर आवडू शकला असता असं वाटतं, पण त्या तासाला आख्खा वर्ग फळ्याकडे न बघता त्यांच्या मनगटाकडे बघायचा. प्रभाव तोही आहेच, मी वर्गात कुणी उत्तर द्यायला घाबरलं की हातातला खडू आधी खाली ठेवतो.

फळ्यावरचं सगळं पुसलं जातं, अपवाद फार थोडे. ऑक्सफर्डच्या विज्ञानाच्या इतिहासाच्या म्युझियममध्ये एक फळा जपून ठेवलाय, आइन्स्टाइनने १६ मे १९३१ च्या व्याख्यानात त्यावर लिहिलं होतं, विश्वाची घनता, त्रिज्या, वय वगैरे. खडूची अक्षरं अजून तशीच आहेत. फोटो बघितला तर अक्षर आपल्या-तुपल्यासारखंच आहे.

घ्यावा का? रोज दोन-तीन तास फळ्यावर लिहीत असाल, घसा धरत असेल, बोटांच्या चिरांत पांढरं जाऊन कातडी कोरडी पडत असेल तर घ्या, साध्या खडूपेक्षा बराच महाग आहे पण तुटत कमी असल्याने शेवटच्या बोटभर तुकड्यापर्यंत वापरता येतो. घरी लहान मुलांच्या पाटीसाठी अजिबात नको, एवढा जाड खडू त्यांच्या बोटात बसत नाही. खडू धरायचे जे साधे होल्डर मिळतात त्यातही जात नाही, त्याच जाडीचा वेगळा होल्डर लागतो. आणि शिकवणं सुधारेल म्हणून घेणार असाल तर राहू द्या, आमच्या सरांनी ते वर्तुळ सगळ्यात भुसभुशीत खडूने काढलेलं आहे.

रंगीत घेताना एक बघा. वर्गात मोठा फळा आणून भूगोल शिकवण्याचं श्रेय ज्यांना बऱ्याचदा देतात त्या एडिंबरोच्या जेम्स पिलन्स या हेडमास्तरांनी म्हणे नकाशांसाठी रंगीत खडू वापरले होते, म्हणजे ही हौस दोनशे वर्षं जुनी आहे, पण सगळे रंग कामाचे नसतात. आमच्या भूमितीच्या सरांचा नियम होता, दिलेलं पांढऱ्याने, सिद्ध करायचं ते पिवळ्याने, तिसरा रंग नाही. हिरव्या फळ्यावर निळा आणि हिरवा मागच्या बाकावरून दिसत नाही, लालही संध्याकाळच्या ट्यूबलाइटमध्ये मरतो. मिक्स बॉक्स घेण्यापेक्षा पांढरा आणि पिवळा वेगवेगळा घ्या.