ओटीपी रजिस्ट्रेशनचा नव्हता, लोनचा होता

बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं, कारण बारा वर्षं आयटीत काढलेला माणूस असा गंडतो हे सांगायचीच लाज वाटते. पण गेल्या आठवड्यात ऑफिसमधला एक ज्युनियर मी फसलो तसल्याच एका ऑनलाइन मास्टर्सचं ब्रोशर घेऊन आला, म्हणाला दादा घेऊ का ॲडमिशन, म्हणून लिहितोय.

मी डोंबिवलीचा, नोकरी ऐरोलीला, काम मॅन्युअल टेस्टिंग. २०२३ मध्ये प्रोजेक्टमधली माणसं कमी व्हायला लागली तेव्हा वाटलं डेटा सायन्समध्ये ऑनलाइन मास्टर्स करून टाकू, निदान सीव्ही तरी पुढे सरकेल. जुलैत ठाण्याला गाडी बदलताना मोबाइलवर एक फॉर्म भरला आणि ऐरोली यायच्या आत फोन. "सर, युरोपातल्या युनिव्हर्सिटीची डिग्री आहे, मुंबई कोट्यातल्या स्कॉलरशिपच्या दोनच सीट राहिल्यात, आज रात्री बंद." ऑनलाइन कोर्सला मुंबई कोटा कशाला लागतो, हे मला सुचायला चार महिने लागले.

फोनवरचा काउन्सेलर पोरगा गोड बोलायचा, दुसऱ्या फोनपासून सरचा दादा केला. स्कॉलरशिप वजा जाता फी २,८५,००० रुपये, महिन्याला ११,८७५ असे २४ हप्ते, "लोन नाही दादा, नो कॉस्ट ईएमआय आहे." पॅन घेतलं, आधार घेतलं, सेल्फी मागितला तो म्हणे स्टुडंट आयडीसाठी. मग एकामागून एक तीन ओटीपी आले, मी प्लॅटफॉर्मवर उभा, समोरून गाडीची अनाउन्समेंट, तो म्हणतोय रजिस्ट्रेशनचा आहे पटकन सांगा, आणि मी सांगितले. तिसरा मेसेज पुढे कधीतरी नीट वाचला. त्यात स्वच्छ लिहिलेलं, लोन ॲग्रीमेंटवर सही करण्यासाठी. म्हणजे फी एका फायनान्स कंपनीने कोर्सवाल्यांना कधीच देऊन टाकली आणि मी झालो कर्जदार.

शिकवण्याबद्दल फार लिहीत नाही. पहिली दोन लेक्चर खरंच चांगली होती, नंतर रेकॉर्डिंग, आणि मेंटर म्हणजे एक व्हॉट्सॲप ग्रुप.

पवईला इंटरव्ह्यूला गेलो तर समोरच्याने मास्टर्सबद्दल एक अक्षर विचारलं नाही, एसक्यूएलमध्ये विंडो फंक्शन लिहायला लावलं आणि स्वतः केलेलं काम दाखवा म्हणाला. एचआरने मात्र विचारलं, ही डिग्री यूजीसी मानते का? घरी येऊन शोधलं. परदेशी युनिव्हर्सिटीच्या नावाने एडटेक, म्हणजे ऑनलाइन कोर्स विकणाऱ्या कंपन्यांमार्फत चालणाऱ्या असल्या ऑनलाइन डिग्र्यांना मान्यता नाही, अशी यूजीसीची नोटीस डिसेंबर २०२३ मध्ये आलेली, तोवर माझे पाच हप्ते गेले होते. भारतातल्या युनिव्हर्सिट्यांना पण डिग्री फ्रँचायझीवर द्यायला परवानगी नाही, तसा इशारा तर जानेवारी २०२२ चाच आहे, म्हणजे माझ्या फॉर्मच्या दीड वर्ष आधीचा.

कोर्सवाल्यांना मेल केला तर रिफंडची मुदत संपली. फायनान्सवाले म्हणाले तुमचं कोर्सचं भांडण तुम्ही बघा, हप्ता थांबला तर सिबिल खराब होईल. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकली, तिथे उत्तर मिळतं पण अजून पैसे नाही मिळाले. तुम्ही कोणी अडकला असाल तर ॲग्रीमेंट, ओटीपीचे मेसेज, काउन्सेलरचे चॅट, काहीही डिलीट करू नका.

आता ऑनलाइन मास्टर्स म्हणजे सगळीच फसवणूक असं कृपया समजू नका. माझ्या टीम लीडने अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक युनिव्हर्सिटीचं ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स केलंय, तो कोर्स २०१४ पासून चालू आहे. त्याला एकही काउन्सेलरचा फोन आला नव्हता, उलट तोच तीन शिफारसपत्रं गोळा करत फिरत होता. आपल्याकडे पण सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने सांगितलंय की मान्यता असलेली ऑनलाइन डिग्री ही रेग्युलरच्या बरोबरीची धरायची. पण मान्यता असलेली! यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या साइटवर कुठल्या युनिव्हर्सिटीला कुठला ऑनलाइन कोर्स चालवता येतो याची यादी असते, त्यात कोर्सचं नाव बघा आणि फी थेट युनिव्हर्सिटीच्या खात्यात भरा. ज्युनियरच्या ब्रोशरवरचं नाव आम्ही दोघांनी कॅन्टीनमध्ये बसून शोधलं, नव्हतंच.

अजून एक गोष्ट मला खूप उशिरा कळली. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल लोनच्या नियमांत २०२२ पासून कूलिंग ऑफ पिरियड आहे, त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च परत केला की दंड न भरता लोनमधून बाहेर पडता येतं. माझ्याच बॅचमधल्या विरारच्या एका मुलाने तिसऱ्या दिवशी ॲग्रीमेंट वाचलं, मेल टाकला, कोर्सवाल्यांच्या मागे लागून पैसे परत करायला लावले आणि सुटला. मी त्या तीन दिवसांत, मुलगा मास्टर्स करतोय म्हणून आईने आणलेले पेढे ऑफिसात वाटत होतो.