मॅनेजमेंटच्या नावाखाली अकरावीचे गणित सोडायला लावणारा करार

ज्यांची मुले यंदा दहावीत आहेत आणि पुढे बिझनेस मॅनेजमेंटकडे वळण्याचा विचार करत आहेत, अशा पालकांसाठी मी हे लिहीत आहे. आमच्या मुलीच्या बाबतीत एका कोचिंग संस्थेकडे पैसे गेले, आणि त्यातले थोडे परतही आले. परंतु अकरावी-बारावीची जी दोन वर्षे चुकीच्या विषयांत घालवायला लावली गेली, त्यांची भरपाई कोणताही ग्राहक आयोग करून देऊ शकत नाही. म्हणून या प्रकारातला पैशांचा भाग मी थोडक्यात सांगणार आहे आणि विषयांचा भाग सविस्तर.

आम्ही इंदूरमध्ये रामबागेच्या परिसरात राहतो. मुलगी सीबीएसईच्या शाळेत दहावीला असताना, बोर्डाच्या परीक्षेपूर्वीच्या हिवाळ्यात, शहरातल्या एका हॉटेलच्या सभागृहात ‘करिअर मार्गदर्शन’ नावाचा विनामूल्य कार्यक्रम झाला. आयोजक कोचिंग संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण प्रकरण अजून आयोगापुढे आहे. राऊच्या टेकडीवरचे आयआयएम इंदूर आपल्याच शहरात असल्यामुळे इथल्या बहुतेक घरांत त्या संस्थेबद्दल एक आपलेपणा आहे, आणि त्या आपलेपणाचाच तिथे पुरेपूर उपयोग करून घेतला गेला. बारावीनंतर थेट प्रवेश देणारा मॅनेजमेंटचा पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आयआयएम इंदूरने 2011 मध्ये सुरू केला ही माहिती खरी होती. मात्र तिला जोडून, स्थानिक मुलांना त्यात प्राधान्य मिळते असे जे सूचित करण्यात आले, ते धादांत खोटे होते. आयआयएम ही केंद्रीय संस्था आहे आणि तिथे शहराचा किंवा राज्याचा कोणताही कोटा नसतो.

कार्यक्रमानंतर मुलांच्या दहाही बोटांचे ठसे एका यंत्रावर घेण्यात आले. बोटांच्या रेषांवरून मेंदूची रचना आणि कल सांगणारी ही चाचणी ‘डीएमआयटी’ या नावाने देशभर विकली जाते आणि तिला कसलाही शास्त्रीय आधार नाही. चार-पाच दिवसांनी आम्हाला एक जाड, रंगीत अहवाल मिळाला. त्यात मुलीचे नेतृत्वगुण उत्तम, संवादकौशल्य उत्तम, आणि ‘संख्यात्मक क्षमता मर्यादित’ असे लिहिलेले होते. पुढे त्याच परिसरातल्या दुसऱ्या एका मुलाचा अहवाल आम्ही पाहिला. त्यातही हीच वाक्ये होती, फक्त नाव बदललेले. आमच्या मुलीला तोपर्यंत गणितात कधीही ऐंशीच्या खाली गुण मिळालेले नव्हते. परंतु यंत्राने काढलेला आणि समुपदेशक म्हणवणाऱ्या गृहस्थाने गंभीरपणे वाचून दाखवलेला निष्कर्ष पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीच्या मनावर किती खोल ठसतो, हे मी जवळून पाहिले आहे. त्यानंतर कित्येक महिने ती स्वतःच म्हणत असे, “आई, गणित माझ्यासाठी नाहीच.” या साऱ्या व्यवहारातली सर्वांत क्रूर गोष्ट मी हीच मानते.

त्या अहवालाच्या आधारे जी योजना पुढे ठेवली गेली, ती अशी होती: अकरावीत वाणिज्य शाखा घ्यायची, इंग्रजीबरोबर अकाउंटन्सी, बिझनेस स्टडीज आणि अर्थशास्त्र ठेवायचे, पाचवा विषय म्हणून गणिताऐवजी शारीरिक शिक्षण घ्यायचे, आणि उरलेल्या वेळात संस्थेचा दोन वर्षांचा ‘मॅनेजमेंट फाउंडेशन’ अभ्यासक्रम करायचा. आम्ही गणिताबद्दल विचारले तेव्हा उत्तर मिळाले की आयआयएम इंदूरच्या एकात्मिक अभ्यासक्रमासाठी बारावीत गणित असण्याची अट नाही.

हे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच ते धोकादायक आहे. प्रवेशाच्या पात्रतेत शाखेची किंवा गणिताची अट नसते. परंतु त्या प्रवेशपरीक्षेचे, म्हणजे आयपीमॅटचे, जे तीन विभाग असतात, त्यांपैकी दोन गणिताचे असतात आणि एक इंग्रजी भाषेचा. गणिताच्या एका विभागात तर पर्यायही दिलेले नसतात, उत्तर स्वतः काढून लिहावे लागते. त्या प्रश्नांत लॉगॅरिदम, मॅट्रिक्स, डिटरमिनंट, क्रमपर्याय आणि संभाव्यता असे अकरावी-बारावीच्या पुस्तकांतले विषय सर्रास येतात. म्हणजे ज्या मुलाने दहावीनंतर गणित सोडले आहे, त्याला परीक्षेला बसता येते, पण ती पार करण्यासाठी लागणारा अभ्यास शाळेबाहेर, पदरमोड करून, शून्यापासून करावा लागतो. पात्रतेचा भाग दाखवून परीक्षेचा झाकणे, हीच या धंद्याची पद्धत आहे.

दुसरी वाट तर पूर्ण बंद होते. दिल्ली विद्यापीठाच्या बीएमएस, बीबीए (एफआयए) आणि बिझनेस इकॉनॉमिक्स या मॅनेजमेंटकडे नेणाऱ्या पदवी अभ्यासक्रमांचे प्रवेश सीयूईटी या विद्यापीठांच्या सामाईक प्रवेशपरीक्षेवर होतात, आणि त्यासाठी सीयूईटीमध्ये गणित किंवा अप्लाइड मॅथेमॅटिक्स हा विषय द्यावा लागतो. तो विषय बारावीत शिकलेला असणेही आवश्यक असते. त्याच विद्यापीठाच्या शहीद सुखदेव कॉलेज ऑफ बिझनेस स्टडीजचे नाव मॅनेजमेंटच्या मार्गाने जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या यादीत असते. आमच्या मुलीच्याही यादीत होते. ते नाव अकरावीच्या पहिल्याच महिन्यात कायमचे पुसले गेले होते, आणि आम्हाला ते बारावीत कळले.

ज्या मुलांना इंजिनिअरिंगच्या तोडीचे गणित खरोखरच जड वाटते, त्यांच्यासाठी सीबीएसईने 2020-21 पासून अकरावीत अप्लाइड मॅथेमॅटिक्स हा वेगळा विषय ठेवलेला आहे. टक्केवारी, व्याज, हप्ते, निर्देशांक, सांख्यिकी, मॅट्रिक्स असा व्यवहारात लागणारा भाग त्यात असतो आणि वाणिज्य शाखेच्या मुलांना तो नीट झेपतो. दहावीला ‘बेसिक’, म्हणजे सोप्या पातळीचे, गणित घेतलेल्या मुलालाही तो घेता येतो. आम्हाला दिलेल्या त्या जाड अहवालात आणि नंतरच्या बैठकांत या विषयाचा उल्लेख एकदाही झाला नाही. कारण उघड आहे: शाळेत गणित असते, तर मुलीला दुपारच्या चार तासांच्या त्यांच्या वर्गासाठी वेळच उरला नसता.

शाळेचा भागही त्यांनीच ठरवला होता. ‘लवचीक वेळेची शाळा’ असे तिचे वर्णन करण्यात आले आणि मुलीचे नाव तिथे दाखल झाले. प्रत्यक्षात ती डमी शाळा होती; मुलांनी यावे अशी तिची अपेक्षाच नव्हती. सीबीएसईच्या नियमांनुसार बोर्डाच्या परीक्षेस बसण्यासाठी 75 टक्के उपस्थिती लागते, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मंडळाने अशाच कारणांवरून दिल्ली व राजस्थानमधील 21 शाळांची संलग्नता काढून घेतली. बिझनेस स्टडीज आणि अकाउंटन्सी या दोन्ही विषयांत 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुणांचा प्रकल्प असतो. चांगल्या शाळेत या प्रकल्पासाठी मुले बाजारात जातात, दुकानदारांशी बोलतात, एखाद्या छोट्या व्यवसायाचा ताळेबंद समजून घेतात. मॅनेजमेंटची पहिली खरी तोंडओळख तिथेच होते. आमच्या मुलीला छापील प्रकल्प हातात देऊन फक्त त्यावर नाव लिहायला सांगण्यात आले.

मॅनेजमेंट फाउंडेशनच्या वर्गांत काय शिकवले, हे सांगण्यासारखे फारसे नाही. मुलाखतीला कसे बसावे, गटचर्चेत कसे बोलावे, सादरीकरण कसे करावे, असे विषय महिनोन्महिने चालले. शेवटी ‘डिप्लोमा इन बिझनेस मॅनेजमेंट’ असे शीर्षक असलेले प्रमाणपत्र मिळणार होते आणि त्याचे गुण पुढच्या प्रवेशात धरले जातील, असे सांगितले होते. कोणतेही आयआयएम किंवा विद्यापीठ अशा खासगी प्रमाणपत्राला प्रवेशात गुण देत नाही. बीबीए आणि बीएमएस अभ्यासक्रम चालवणाऱ्या महाविद्यालयांनाही 2024-25 पासून एआयसीटीई या केंद्रीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता घ्यावी लागते. कोचिंगच्या कागदाला तिथे कसलीही किंमत नाही.

आता पैशांविषयी. एकूण फी 1,85,000 रुपये सांगण्यात आली आणि ती ‘सोप्या हप्त्यांत’ भरता येईल, असे ठरले. माझ्या यजमानांचे पॅन आणि आधार ‘शिष्यवृत्तीच्या नोंदणीसाठी’ घेण्यात आले, टॅबवर सही घेण्यात आली आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारण्यात आला. ती फीच्या हप्त्यांची सोय नव्हती. ते यजमानांच्या नावावर एका वित्तसंस्थेकडून काढलेले कर्ज होते. पूर्ण रक्कम सुरुवातीलाच कोचिंगकडे गेली आणि आमच्या खात्यातून दरमहा कर्जाचा हप्ता कापला जाऊ लागला. त्यामुळे वर्ग सोडले तरी हप्ता थांबत नाही, आणि हप्ता थांबवला तर कर्जदाराची पत खराब होते. रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये डिजिटल कर्जांसाठी केलेल्या नियमांनुसार कर्ज देण्यापूर्वी व्याज, एकूण परतफेड आणि इतर खर्च सांगणारे मुख्य तथ्य विवरण ग्राहकाला द्यावे लागते, आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत कर्ज परत करून बाहेर पडण्याची सोयही द्यावी लागते. आम्हाला ते विवरण कोणी दाखवले नव्हते. ईमेलवर आलेल्या दुव्यात ते कुठेतरी होते, आणि तो ईमेल पत्ता कोचिंगच्या माणसाने स्वतः तयार करून फॉर्ममध्ये भरलेला होता.

बारावीच्या सुरुवातीला मुलीने आयपीमॅटच्या जुन्या प्रश्नपत्रिका स्वतः उघडून पाहिल्या, तेव्हा हे सर्व बाहेर आले. आम्ही लगेच शाळेत विषय बदलण्याची विनंती केली; परंतु अकरावीत न घेतलेला विषय बारावीत घेता येत नाही, असे स्पष्ट उत्तर मिळाले, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होते. अकरावीत मंडळाकडे होणारी विषयांची नोंदणी हाच खरा निर्णायक कागद असतो. त्याची प्रत शाळेकडून मागून घ्यावी, ती स्वतः वाचावी आणि मगच उरलेली फी भरावी, अशी माझी प्रत्येक पालकाला कळकळीची विनंती आहे.

फी परत मागताना पुढील माहिती आमच्या उपयोगी पडली. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये राज्यांना पाठवलेल्या मार्गदर्शक सूचनांत कोचिंग संस्थांनी दहावीच्या परीक्षेपूर्वी विद्यार्थ्यांची नोंदणी करू नये, यशाची हमी देऊ नये, आणि विद्यार्थी मध्येच सोडून गेल्यास उरलेल्या काळाची फी दहा दिवसांत परत करावी, असे म्हटले आहे. आमची नोंदणी दहावीच्या परीक्षेपूर्वीची होती आणि पावतीवर तशी तारीख होती. त्या एका पावतीने बोलणे पुढे सरकले. आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली आणि मंगळवारच्या जनसुनावणीत कलेक्टर कार्यालयात अर्ज दिला. त्यानंतर संस्थेने रकमेचा काही भाग परत केला आणि उरलेल्यासाठी टाळाटाळ सुरू केली. त्याविरुद्ध आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे तक्रारीचे शुल्क लागत नाही, ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून (पूर्वीचे ई-दाखिल) घरबसल्या तक्रार करता येते, मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते. जाहिरातीचे पत्रक, पावती, बोटांच्या ठशांचा अहवाल आणि व्हॉट्सॲपवरची आश्वासने आम्ही जपून ठेवली होती; आयोगापुढे आमची सारी बाजू त्यांवरच उभी आहे. कर्जाबाबतची तक्रार वित्तसंस्थेकडे आणि तिथे दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे वेगळी करावी लागते, कारण ग्राहक आयोगातील प्रकरण चालू असतानाही हप्ता कापला जातच राहतो.

मुलीने बारावी चांगल्या गुणांनी पार केली आणि आता ती इंदूरमध्येच बीकॉमच्या पहिल्या वर्षाला आहे. आयआयएमच्या प्रवेशासाठी पदवीनंतर होणाऱ्या कॅट परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, बारावीत गणित असण्याची अट तिथे नाही. परंतु त्या परीक्षेतही गणिताचा पूर्ण विभाग असतो, म्हणून तिने अकरावीच्या अप्लाइड मॅथेमॅटिक्सचे पुस्तक आणून रोज संध्याकाळी ते पहिल्या धड्यापासून सोडवायला घेतले आहे.