रिव्हर्स ग्रुपिंगचे सेल: रोज बनवायचे, साठवायचे की विकत आणायचे?

रिव्हर्स ग्रुपिंग म्हणजे पेशंटचं सीरम ओळखीच्या ए, बी, ओ गटाच्या लाल पेशींवर (सेलवर) टाकून, ते जमतात का यावरून रक्तगट ताडून बघणं; पेशंटचेच सेल अँटी-ए, अँटी-बी (ए आणि बी ओळखणाऱ्या अँटिबॉडी) लावून तपासले की ते फॉरवर्ड. छोट्या ब्लड बँकेसाठी हे ए, बी, ओ सेल कुठून आणायचे ते ठरवत असाल तर दिवसाला सँपल किती येतात आणि डोनर रोज असतात का हे आधी बघा, किंमत नंतर.

रोजचे डोनर असतील तर सकाळी पूल करणं सगळ्यात भारी. एकेका ग्रुपच्या तीन डोनरचं रक्त एकत्र करायचं, सेलाइनने तीनदा वॉश, वरचं पाणी नितळ निघालं की ट्यूबमधल्या टेस्टसाठी सेलाइनमध्ये २ ते ५ टक्के सेल राहतील असं सस्पेन्शन. ए वाले ए१ च (ए चा जोरदार उपगट) आहेत ना हे लेक्टिनने, म्हणजे ए१ सेलना चिकटणाऱ्या बियांतल्या प्रोटीनने, तपासून घ्या (हो, ते लेक्टिन आपल्या कुळथातूनच काढतात). खर्च नगण्य आणि अँटिजेन (सेलवरच्या गटाच्या खुणा) ताजे, पण साध्या सेलाइनमध्ये सेलना खायला काही नसतं, म्हणून संध्याकाळी उरलेलं ओतून द्यायचं म्हणजे द्यायचं. उद्या चालेल की म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका, कारण या टेस्टमध्ये हिमोलिसिस (सेल फुटणं) हासुद्धा पॉझिटिव्ह धरतात, मग सेल पेशंटच्या सीरमने फोडले की आधीच फुटत होते हे ट्यूब बघून कळणार कसं? वरचं पाणी गुलाबी दिसलं की ती बॅच बाद.

सँपल चारपाच आणि डोनर फक्त शिबिरापुरते, तर सेल साठवायला अल्सेव्हर सोल्युशन. १९४१ पासूनचं आहे आणि अजून चालतंय: डेक्स्ट्रोज २.०५, सोडियम सायट्रेट ०.८, मीठ ०.४२, सायट्रिक ॲसिड ०.०५५ टक्के. साखर सेलना खायला, सायट्रेट गुठळी होऊ न द्यायला. फ्रिजात २ ते ६ डिग्रीला दोनतीन आठवडे सहज निघतात, अट एकच, बॅक्टेरिया शिरता कामा नयेत, म्हणून एक मोठी बाटली रोज उघडण्यापेक्षा छोट्या व्हायल भरा. वापरताना वॉश करून रोज अँटी-ए, अँटी-बी लावून बघायचं.

विकतचे सेल नुसत्या एबीओसाठी मला महाग वाटतात, त्यात एक्स्पायरी जवळची, हातात पडेपर्यंत बरेच दिवस गेलेले असतात. जेल कार्ड (ट्यूबऐवजी जेल भरलेल्या कार्डात टेस्ट) वापरत असाल तर ०.८ टक्केवाले तयार मिळतात ही सोय खरी. अँटिबॉडी स्क्रीनिंगला (ए-बी सोडून इतर अँटिबॉडी पेशंटमध्ये आहेत का हे बघायला) मात्र टाइप केलेले, म्हणजे इतर अँटिजेन माहीत असलेले, ओ सेल विकतच घ्या, आणि बाटली संपत आली की एम, पी१, डफी हे अँटिजेन कमजोर पडतात हे लक्षात ठेवा, ए-बी तेवढे टिकून राहतात.

आणि पैसे वाचवायला ओ सेल गाळू नका! १९५२ मध्ये डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेला बॉम्बे ग्रुप फॉरवर्डमध्ये ओ च दिसतो, रिव्हर्समध्ये ओ सेलही जमले तरच शंका येते.

फ्रीझिंग असल्या दुर्मिळ सेलसाठीच, तेही ग्लिसरॉल घालून उणे ८० किंवा लिक्विड नायट्रोजनमध्ये. घरगुती फ्रीझरमध्ये नुसते ठेवाल तर बर्फ होताना सगळे फुटतील.