१९९७ ची रॅम आणि २००१ ची रॅम: एकाच पिढीतले दोन डिझेल पिकअप, चौदा महिन्यांनंतर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी १९९७ ची डॉज रॅम २५०० घेतली. ५.९ लिटरचं कमिन्स कंपनीचं डिझेल इंजिन, बारा व्हॉल्व्ह, पाच गिअर, फोर बाय फोर. मेहुण्याकडे २००१ ची रॅम २५०० आहे, चोवीस व्हॉल्व्हची हाय आउटपुट (म्हणजे जास्त ताकदीच्या इंजिनाची), सहा गिअरची. आठ हजार पौंडांच्या आसपासचा कॅम्पर आमच्या दोघांत एकच, त्यामुळे तो कधी माझ्या गाडीमागे असतो, कधी त्याच्या. चौदा महिने दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्यावरच हे लिहायला घेतलं आहे.

ही पिढी १९९४ ला आली आणि २५००-३५०० मध्ये २००२ पर्यंत चालली. समोरून पाहिलं तर सगळ्या बहिणी-बहिणी दिसतात. इंजिनही कागदावर एकच: सहा सिलिंडर एका ओळीत, १०२ मिलिमीटर बोअर, १२० मिलिमीटर स्ट्रोक. खरी रेघ आहे १९९८ च्या मध्यावर. त्या वर्षाच्या सुरुवातीच्या गाड्या बारा व्हॉल्व्हच्या, नंतरच्या चोवीसच्या. त्यामुळे ‘१९९८ ची आहे’ एवढं सांगून पार्ट मागू नका. एका ओळखीच्याला दुकानातून असाच दुसऱ्या इंजिनाचा लिफ्ट पंप (टाकीतून डिझेल आणणारा) मिळाला आणि त्याचा शनिवार वाया गेला. बॉनेट उघडून पाहणं सगळ्यात सोपं: हेडवर सहा सुटी कव्हरं दिसली तर बारा व्हॉल्व्ह, एकच लांब कव्हर दिसलं तर चोवीस.

व्हॉल्व्हच्या आकड्यावर लोक फार बोलतात, पण माझ्या मते सगळा फरक डिझेल पंपात आहे, म्हणजे इंजेक्टरना दाबाने डिझेल पाठवणाऱ्या पंपात. माझ्या गाडीत बॉशचा पी-७१०० आहे. सहा सिलिंडरना सहा प्लंजर, टायमिंग गिअरवर फिरणारा, आणि त्याला वंगण मिळतं ते इंजिन ऑइलचं. त्याला डिझेल पुरवणारा लिफ्ट पंपही कॅमशाफ्टवर चालतो. विजेचं काम एकच, इंजिन बंद करणारा सोलेनॉइड. तो वर धरलेला असला की चालू इंजिनाला बॅटरीची गरज उरत नाही. रात्रीबेरात्री ओसाड रस्त्यावर ट्रेलर घेऊन जाताना या गोष्टीचा मनाला किती आधार असतो, ते मी शब्दांत नीट सांगू शकणार नाही.

मेहुण्याच्या गाडीत व्हीपी-४४ आहे, तोही बॉशचाच. धुराचे नियम कडक होत गेले तसं इंजेक्शनचं टायमिंग क्षणाक्षणाला बदलता येणं गरजेचं झालं, म्हणून हा रोटरी पंप आला आणि त्याच्या डोक्यावर त्याचा स्वतःचा संगणक. त्याच वेळी इंजेक्टर तिरका न राहता पिस्टनच्या बरोबर मध्यावर उभा बसला. ज्वलन खरंच सुधारलं, धूर कमी झाला. पण हा पंप गार राहतो तो डिझेलवर, आणि त्याला वंगणही डिझेलचंच. डिझेल आणून देणारा लिफ्ट पंप विजेचा, कंपनीने तो इंजिनाच्या ब्लॉकवरच बसवलेला, म्हणजे उष्णता आणि थरथर दोन्ही सोसणारा. त्याचा दाब पडला तरी गाडी काही बोलत नाही, कारण व्हीपी-४४ स्वतःच डिझेल ओढून घेतो. इंजिन गुळगुळीत चालत राहतं आणि आत पंप कोरडा पडत जातो. पी-०२१६ हा पंपाच्या टायमिंगचा बिघाड सांगणारा कोड दिसेपर्यंत बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

म्हणून चोवीस व्हॉल्व्हवाल्याने रेडिओ बदलण्याआधी डिझेलच्या दाबाचा गेज लावावा. मेहुण्याने तो पुढच्या काचेशेजारच्या खांबावर डोळ्यांसमोर लावला आहे. भर चढावर काटा १० पीएसआयच्या खाली जाऊ द्यायचा नाही, हा त्याचा नियम, आणि तो काटेकोरपणे पाळतो. त्याचा पंप उत्तम चालू आहे.

आता चढ. कोलोराडोत आय-७० वर सिल्व्हरथॉर्नकडून आयझेनहॉवर बोगद्याकडे सुमारे सात टक्क्यांचा चढ आहे आणि बोगदा ११,००० फुटांच्या वर. तोच कॅम्पर, दोन्ही गाड्या. माझ्या गाडीची ताकद २१५ अश्वशक्ती, त्याची २४५ आणि टॉर्क ५०५ पौंड-फूट. पण चढावर जाणवले ते आकडे गिअरचे. माझ्या एनव्ही-४५०० गिअरबॉक्समध्ये तिसऱ्याचं गुणोत्तर १.६७, चौथ्याचं सरळ १.००. चौथ्यात फेऱ्या पडायला लागतात, तिसरा टाकावा तर अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास गव्हर्नर (फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग) डिझेल आखडतं घेतो आणि ताशी ४० मैलांच्या आसपास गाडी स्थिरावते. त्याच्या एनव्ही-५६०० मध्ये बरोबर या दोघांच्या मधे १.३९ चा गिअर आहे. तो त्या गिअरवर ५० ने निवांत निघून गेला. उतारावरही त्याचंच पारडं जड: २००१ मध्ये मागच्या चाकांनाही डिस्क ब्रेक आहेत, माझ्या मागे ड्रम. डोंगरात सतत ओझं ओढायचं असेल तर मी कुणालाही २००१-०२ ची सहा गिअरची हाय आउटपुटच सुचवेन. व्हीआयएनमधलं (गाडीच्या ओळख क्रमांकातलं) आठवं चिन्ह ७ असेल तर ती हाय आउटपुट.

२००१ च्या आधीची चोवीस व्हॉल्व्ह घेणार असाल तर ब्लॉकच्या बाजूला ओतीव ‘५३’ आकडा आहे का ते टॉर्च घेऊन पाहा. त्या ब्लॉकची पाण्याच्या जॅकेटची भिंत पातळ असल्याने चीर पडण्याचा धोका असतो. मी तो आकडा दिसला तर गाडी सोडून देईन, किंमत कितीही चांगली असो.

बारा व्हॉल्व्हमध्येही सगळी वर्षं सारखी नाहीत. १९९४-९५ मध्ये ऑटोमॅटिकला १६० आणि मॅन्युअलला १७५ अश्वशक्ती; १९९६ पासून १८० आणि २१५. ऑटोमॅटिकही १९९६ ला बदलला, ४७आरएच जाऊन ४७आरई आला, म्हणजे गिअरबॉक्समधल्या गव्हर्नरच्या दाबाचं नियंत्रण विजेवर गेलं. मला मॅन्युअलच हवी होती, त्यामुळे त्यात खोल गेलो नाही.

घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात टायमिंग केसमधल्या डॉवेल पिनची सोय केली. ही लहानशी पोलादी खुंटी थरथरीने हळूहळू बाहेर सरकू शकते आणि गिअरमध्ये पडली तर इंजिनाची वाट लागते. पुढचं कव्हर काढून तिच्या तोंडावर पत्र्याची पट्टी बोल्टने आवळली, एवढंच. पिन जागेवरच होती, पण ती पट्टी बसल्यावरच मी पहिला लांबचा प्रवास केला. टॅपेटही, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मीच लावली, इनटेक ०.०१० इंच, एक्झॉस्ट ०.०२०. सुटी कव्हरं असल्याने एकेक सिलिंडर शांतपणे करता येतो.

रिकामी गाडी मला गॅलनला १९ मैल देते, कॅम्परसह १२. एनव्ही-४५०० चा पाचव्या गिअरचा नट सैल होतो, हे या गिअरबॉक्सवाल्यांना माहीत असेलच. माझा अजून घट्ट आहे. थंडी सुरू होण्याआधी मागचं हाउसिंग काढून पुन्हा बघणार आहे.