खाण अडवायला गेलो, १,३१० डॉलर घालवून बसलो

आधीच सांगतो, मी दामदुप्पट करायला गेलो नव्हतो. काँगोतल्या कोल्वेझीजवळ दोन हेक्टर झाडी विकत घ्यायची, म्हणजे बॅटऱ्यांत लागणाऱ्या कोबाल्ट धातूची खाण तिथे शिरणार नाही, एवढंच डोक्यात होतं. त्यामुळे ‘हाव नडली’ म्हणणाऱ्यांनी इथूनच परत फिरावं.

संताप याचा की जमीन विकणाऱ्यांनी सांगितलेलं बरंचसं खरं होतं. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याने १८८५ ते १९०८ अख्खा देश खाजगी मालमत्ता म्हणून वापरला, रबरासाठी माणसांचे हात तोडले गेले. १९६० साली स्वातंत्र्य मिळालं, तरी जगातला निम्म्याहून जास्त कोबाल्ट तिथूनच उपसला जातोय, लहान पोरंसुद्धा खाणीत राबतात. हे सगळं मी पडताळून पाहिलं. पडताळायचं होतं ते राहून गेलं.

आधी २४० डॉलर आरक्षणाचे. मग ६१० डॉलर ‘मालकीहक्काच्या नोंदणीचे’. मालकी! १९७३ च्या कायद्यानुसार काँगोत जमिनीचा मालक फक्त सरकार. परदेशी माणसाला फार तर ठरावीक मुदतीचा वापरहक्क मिळतो. जमिनीखालचं खनिजही सरकारचंच. म्हणजे व्यवहार खरा असता तरी माझ्या झाडांनी खाण अडली नसती. कुठेही जमीन घेताना आधी तिथला जमीन कायदा वाचा, माहितीपत्रक नंतर.

पण खरी लाज पुढे आहे. प्रमाणपत्र आलं, सोनेरी शिक्का, खाली अक्षांश-रेखांश. नकाशात टाकले: १०.७ उत्तर, २५.५ पूर्व. बोट पडलं सुदानमधल्या दारफूरवर! कोल्वेझी विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, हे मला ठाऊक होतं. आणि मी काय केलं? ‘आपल्याकडून टायपिंगची चूक झाली असावी’ असं नम्रपणे कळवलं. त्यांनी आभार मानले आणि दुरुस्तीचे ८५ डॉलर मागितले. भरले. त्यांची चूक, माझे पैसे, आणि वर मलाच आपण किती चौकस म्हणून बरं वाटलं. शेवटी ३७५ डॉलर हस्तांतरण कर. मग फोन बंद.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत, आमचा संबंध नाही. तक्रार दोन दिवसांत बंद, शेरा ‘ग्राहकाचे समाधान झाले’. कुणाचं समाधान? सायबर विभागात साहेबांनी प्रमाणपत्र उलटंसुलटं करून विचारलं, ‘पण तिकडे जमीन घ्यायला सांगितलं कोणी होतं?’ शेजारचा हसला. गुन्हा कुठल्या हद्दीत घडला यावर चार खेपा झाल्या, पोच अजून नाही. वकिलातीकडून फ्रेंचमध्ये आपोआप येणारं उत्तर आलं, बस्स.

पावत्या, चॅट, काही पुसू नका. मी रागात चॅट उडवलं, आता पुरावा देण्याची जबाबदारी माझ्यावरच. आणि खाणकामगारांसाठी काही करायचंच असेल तर वर्षानुवर्षं हिशेब छापणारी संस्था शोधा. जमिनीचा तुकडा नावावर करून देणारी नको.

काल एक मेल आला. बुडालेले पैसे परत मिळवून देतो म्हणे, फक्त १५० डॉलर भरा. खाली माझ्या जमिनीचा तपशील जोडलेला: १०.७ उत्तर.