घरच्यांपर्यंत फोन पोचावा म्हणून केलेला खटाटोप: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आधीच सांगते, हा एका अ‍ॅपचा रिव्ह्यू नाहीये. फोनच्या लॉक स्क्रीनवरची इमर्जन्सी माहिती, जवळ बाळगायचं एक कागदी कार्ड आणि घरात ठरवलेले दोनतीन नियम, असं सगळं मिळून जे आम्ही आठ महिने वापरतोय त्याबद्दल लिहितेय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

सुरुवात बाबांमुळे झाली. सकाळी फिरायला गेले, चक्कर आली, कट्ट्यावर बसले ते उठताच येईना. आजूबाजूचे लोक चांगले होते, पाणी दिलं, सावलीत नेलं, घरचा नंबर विचारला, आणि बाबांनी न अडखळता नंबर सांगितला, आमच्या जुन्या लँडलाइनचा, जी बंद होऊन अकरा वर्षं झालीत. मोबाइल खिशातच होता पण लॉक. पॅटर्न आठवेना आणि बोटं थरथरत होती. माझा नंबर, दादाचा नंबर, एकही पाठ नाही. (तुम्हाला तरी किती पाठ आहेत? मला तेव्हा नवऱ्याचा सुद्धा शेवटचे चार आकडे सोडून येत नव्हता.) पाऊण तासानं मी काहीतरी फालतू कामासाठी त्यांना फोन लावला आणि अनोळखी आवाज आला, "ताई, तुम्ही यांच्या कोण?" पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. बाबा ठीक होते, शुगर उतरली होती. पण मी फोन केलाच नसता तर?

त्याच रात्री सगळ्यांचे फोन गोळा करून बसले. आयफोनमध्ये हेल्थ अ‍ॅपमधला मेडिकल आयडी असतो, अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधल्या सेफ्टी अँड इमर्जन्सीत आजार, औषधं, अ‍ॅलर्जी आणि इमर्जन्सी कॉन्टॅक्ट भरता येतात (फोनफोनवर जागा थोडी वेगळी असते, सेटिंगमध्ये सर्च करा). भरून झालं की लॉक असलेल्या फोनवरून पण कोणीही इमर्जन्सी दाबून ते बघू शकतं आणि तिथूनच घरच्यांना फोन लावू शकतं. अट एकच, लॉक असताना दाखवा हा पर्याय चालू पाहिजे. दादाचा बंद होता. त्यानं म्हणे दोन वर्षांपूर्वीच सगळं भरून ठेवलेलं, बंद कपाटात.

ते नावापुढे आयसीई (म्हणजे इन केस ऑफ इमर्जन्सी) लिहून नंबर सेव्ह करायचं बऱ्याच जणांना माहीत असेल. इंग्लंडमधल्या बॉब ब्रॉची नावाच्या पॅरामेडिकनं 2005 मध्ये ती कल्पना मांडली, तेव्हा फोन उघडला की सरळ कॉन्टॅक्ट दिसायचे. आता फोन उघडतोच कुठे कोणाचा? त्यामुळे नुसतं आयसीई लिहून काही होत नाही, लॉक स्क्रीनवर यायला हवं.

आणि फोनच बंद पडला तर, म्हणून कार्ड. एका बाजूला नाव, तीन नंबर आणि प्रत्येकापुढे नातं. नातं लिहाच. फोन करणाऱ्याला पलीकडे कोण आहे हे माहीत असलं की तो नीट बोलतो, नाहीतर आधी हॅलो कोण, तुम्ही कोण यातच दोन मिनिटं जातात. दुसऱ्या बाजूला औषधं आणि आजार. मी आधी ब्लड ग्रुप मोठ्ठ्या अक्षरात लिहिलेला, मग ओळखीच्या एका नर्सताईंनी सांगितलं की रक्त द्यायच्या आधी हॉस्पिटल स्वतः तपासतंच, त्यापेक्षा रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, डायबेटिस आहे का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का ते वर लिहा. पत्ता मुद्दाम टाकला नाही. पाकीट चोराच्या हाती लागलं तर त्याला घर कशाला दाखवायचं? पहिली कार्डं बॉलपेननं लिहिलेली, बाबांचं दीड महिन्यात घामानं असं फिसकटलं की 3 आणि 8 कळेना. दुसरी बॅच प्रिंट करून दोन्हीकडून पारदर्शक टेप लावली, ती अजून टिकून आहे. एक पाकिटात, एक मोबाइलच्या कव्हरच्या आत.

इथपर्यंत मला वाटत होतं झालं काम. मग टेस्ट घेतली आणि तोंडावर पडले.

रविवारी दुपारी बाबांच्या लॉक फोनवरून, अनोळखी माणसानं लावावा तसा, आईला फोन लावला. आई आतल्या खोलीत, फोन व्हायब्रेटवर, उशीखाली. मग दादाला. त्याचा डू नॉट डिस्टर्ब चालू. मग माझ्या मैत्रिणीच्या फोनवरून, म्हणजे कोणाकडेच सेव्ह नसलेल्या नंबरवरून, घरच्या पाचही जणांना फोन केला. किती जणांनी उचलला? शून्य. नवऱ्यानं तर कट करून ब्लॉक केला, लोनवाले असतील म्हणून! म्हणजे आम्ही सगळी तयारी लावणाऱ्याच्या बाजूची केलेली आणि उचलणाऱ्याच्या बाजूला सगळा आनंदीआनंद. गेल्या आठ महिन्यांत मला खरं कळलेलं काय ते एवढंच, बाकी सेटिंग कोणीही करतं.

म्हणून घरात नियम केला. अनोळखी नंबरवरून लागोपाठ दोनदा फोन आला तर दुसरा उचलायचा, मग मीटिंग असो नाहीतर आंघोळ. हाच नियम कार्डवर पण छापला, "नाही उचलला तर लगेच पुन्हा करा". याला फोनची थोडी साथ पण मिळते, डू नॉट डिस्टर्बमध्ये रिपीट कॉलचा पर्याय असतो, चालू केला की त्याच नंबरचा दुसरा फोन वाजतो, आयफोनवर तीन मिनिटांच्या आत आला तर आणि अँड्रॉइडवर पंधरा मिनिटांच्या आत. घरचे नंबर तर स्टार करून कायमची सूट दिली. पण एक घोळ लक्षात ठेवा, डू नॉट डिस्टर्ब वेगळं आणि सायलेंट वेगळं. आईचा फोन नुसता व्हायब्रेटवर असायचा, तिथे स्टारचा काही उपयोग झाला नाही. आयफोनमध्ये त्या त्या कॉन्टॅक्टच्या रिंगटोनमध्ये इमर्जन्सी बायपास म्हणून आहे, तो चालू केला की सायलेंटवर पण वाजतो. आईसाठी उपाय काय, तर फोन व्हायब्रेटवर ठेवायचाच नाही. भांडण झालं, मग ऐकलं. आणि अनोळखी नंबर आपोआप गप्प करणारा जो पर्याय असतो तो सगळ्यांचा बंद केला. फालतू फोन वाढले, हो. त्याचे गुण कापतेय.

बटण पाच वेळा दाबून एसओएस जातो ते पण चालू केलं. आयफोनवर तो कॉल संपला की, आपण कॅन्सल केलं नाही तर, इमर्जन्सी कॉन्टॅक्टना लोकेशनसकट मेसेज जातो, हे भारी आहे. पण माझ्या फोनचं कव्हर घट्ट, बॅगेत बटण दाबलं जाऊन दोनदा भर गर्दीत भोंगा वाजला, काउंटडाऊन थांबवेपर्यंत घाम फुटला. कव्हर बदललं. बाबांना पाच वेळा भराभर दाबणं जमत नाही, त्यांचं तीनचारवरच थांबतं. त्यांच्यासाठी होम स्क्रीनवर माझा मोठ्ठा फोटो ठेवलाय, दाबला की फोन लागतो.

आता खरा प्रसंग. सहाव्या महिन्यात माझी स्कूटर ओल्या वळणावर घसरली. मी पडले, हनुवटी फुटली, शुद्ध होती पण बोलता येत नव्हतं नीट आणि मोबाइल चाकाखाली गेलेला. स्क्रीनचा चुरा. म्हणजे ती लॉक स्क्रीनवरची मी एवढी मेहनत करून भरलेली माहिती गेली कामातून! एका दादांनी मोबाइल उचलला, कव्हर निघून आलं आणि त्यातून कार्ड पडलं. त्यांनी स्वतःच्या फोनवरून नवऱ्याला फोन लावला. मी बघतेय, पूर्ण रिंग वाजली, नाही उचलला. त्यांनी दुसऱ्या नंबरकडे बोट नेलं, मग खालची ओळ वाचली आणि पुन्हा तोच नंबर लावला. उचलला. नवरा नंतर म्हणाला पहिला कट करतानाच हात थबकला होता, दुसरी रिंग आली तसा मीटिंगमधून उठून पळत बाहेर गेलो. पंचवीस मिनिटांत पोचला. चार टाके.

वादळाच्या रात्रीचा अनुभव वेगळा होता. लाइट गेली, थोड्या वेळानं कोणालाच फोन लागेना, टॉवर बॅटरीवर किती चालणार आणि त्यात सगळं गाव एकदम फोन करत असतं. नेट नव्हतंच त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅप नुसतं फिरत बसलं. साधा एसएमएस मात्र अडकत अडकत जात होता, कारण त्याला अगदी थोडी जागा लागते आणि रांगेत थांबून तो मिळेल तेव्हा पोचतो. आम्ही लांबच्या शहरातली मावशी मधली व्यक्ती ठरवून ठेवली होती, अडकलेल्या भागात एकमेकांना लावण्यापेक्षा बाहेर एकीला कळवायचं. दादानं तिला कळवलं, मी तिला कळवलं, तिनं आम्हाला एकमेकांचं सांगितलं. मावशी तेव्हापासून स्वतःला कंट्रोल रूम म्हणवते.

लेक सहा वर्षांची, तिला मोबाइल नाही. तिला माझा नंबर टाळ्यांच्या चालीवर पाठ करून घेतला, दोन दोन आकडे, शेवटी उडी. रांगेत, लिफ्टमध्ये, कुठेही मोठ्यानं म्हणते, त्यामुळे तो आता अर्ध्या जगाला पाठ असेल. तिच्या शाळेच्या फॉर्मवर माझा जुना नंबर होता हे पण याच गडबडीत कळलं. तुमचा पण बघून या.

तक्रार सांगायची तर ही सगळी भानगड शिळी होते. नंबर बदलतात, गोळ्या बदलतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी टेस्ट कॉल ठरलाय, आठपैकी पाचदाच झाला. पाचपैकी चार गुण देईन, एक त्या बंक केलेल्या रविवारांचा आणि लोनवाल्यांचा.

त्या स्कूटरवाल्या दादांचा नंबर मी "कार्डवाले दादा" म्हणून सेव्ह केलाय. बाबा अजूनही फिरायला जाताना मोबाइल चार्जिंगला विसरून जातात, पण कार्ड शर्टाच्या खिशात असतं, आई दारात चाचपून बघते. आणि दादानं काल नवीन सिम घेतलं. सगळी कार्डं पुन्हा छापायची.